एका दिवसाचं कुलूप

आमच्या गारखेड्यातल्या घराला दर अकरा महिन्यांनी एक दिवस कुलूप लागायचं. घर भाड्याने दिलेलं असलं तरी. भाडेकरूने सगळं सामान बाहेर काढायचं, तिन्ही खोल्या रिकाम्या करायच्या, दाराला माझं कुलूप लावायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्या करारावर सही करून परत आत यायचं. हा नियम कुठल्या कायद्यात नाही. तो माझ्या वडिलांचा होता. ते गेल्यावर मी चालवत होते, आणि त्यांच्यापेक्षा कडक चालवत होते.

आमचे वकील हसायचे. म्हणायचे, बाई, करार नोंदवलेला आहे, अंगठा दिलेला आहे, आता हे घर रिकामं करायचं नाटक कशाला? त्यांना काय सांगणार? वडिलांकडे तर कागदांची अख्खी पेटी होती. गुलमंडीजवळ त्यांची एक छोटी खोली होती, ती त्यांनी छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला दिली होती. मुदत संपली तेव्हा त्या माणसाची बायको अंथरुणाला खिळलेली होती. वडील तिला बघून आले आणि म्हणाले, राहू दे, बाई बरी होऊ दे. बाई बरी झाली. माणूस हलला नाही. त्यानंतर माझं अख्खं बालपण कोर्टाच्या तारखांमध्ये गेलं. तारखेच्या दिवशी वडील संध्याकाळी यायचे, ओट्यावर बसून बराच वेळ चपला काढायचे, आणि त्या दिवशी आम्ही कोणी मोठ्याने बोलायचो नाही. खोली शेवटपर्यंत मिळाली नाही. पेटी मात्र माझ्या वाट्याला आली. गारखेड्याचं घर बांधलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, अकरा महिन्यांनी कुलूप लागलंच पाहिजे, आत कोण आजारी आहे ते विचारायचं नाही.

मी लग्नापासून नाशिकला. घर सांभाळायला एक माणूस ठेवलेला होता. वाळूजच्या एका कारखान्यात होता, तो बंद पडल्यावर त्याने हे काम धरलं. आमच्या भागातल्या बाहेरगावी राहणाऱ्या दहाबारा मालकांच्या घरांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असायच्या. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा, आमचा हिरवा. कॉलनीत त्याला सगळे मॅनेजर म्हणायचे. मी भाऊ म्हणायची, तो मला ताई.

नातं असं गोड असलं तरी सात वर्षांत आमची भांडणं काही कमी झाली नाहीत. त्याची पद्धत अशी की काम आधी करायचं आणि मग सांगायचं. माझं म्हणणं, आधी विचारायचं. न्हाणीघराचं लाकडी दार कुजलं तर याने ते काढून प्लास्टिकचं बसवलं आणि मला चार दिवसांनी फोन. एकदा दुसऱ्या मालकाच्या घरचा रंग उरला म्हणून आमची बाहेरची खोली पोपटी करून टाकली. मी फोनवर ओरडले, "घर माझं आहे की तुमचं?" तो शांतपणे म्हणाला, "तुमचंच हाय ताई. म्हणून तर करू राहिलो."

हळूहळू मला त्याची भाषा कळायला लागली. "व्हय ताई" म्हणजे काम होऊनसुद्धा गेलंय. "बघतो ताई" म्हणजे हे काम या जन्मी होणार नाही. पण सात वर्षांत त्याने मला तोंडावर कधी "नाय" म्हटलं नाही, याचा मला मनातून अभिमान होता. माणूस माझ्या शब्दाबाहेर नाही, असं मी घरात सांगायची.

शेवटचे भाडेकरू त्यानेच आणले. नवराबायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. नवरा पर्यटकांची गाडी चालवायचा, वेरूळ आणि दौलताबादच्या फेऱ्या मारायचा. पहिल्या अकरा महिन्यांनी कुलूप लागलं तेव्हा म्हातारी काठी टेकत शेजारच्या ओट्यावर जाऊन बसली होती, असं भाऊंनी सांगितलं. पुढं ती न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिने अंथरूण धरलं. हेही त्यांनी कळवलं. मी अरेरे म्हटलं. डॉक्टर कोण, पथ्य काय, सगळं विचारलं. आणि मग त्याच फोनवर विचारलं, "या वेळी कुलूप कुठल्या तारखेला?"

"बघतो ताई."

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण ठरल्या दिवशी माझ्या फोनवर तीन फोटो आले. बाहेरची खोली रिकामी, मधली रिकामी, स्वयंपाकघर रिकामं. खाली एक ओळ, "ताई, घर रिकामं झालं." पुढच्या अकरा महिन्यांनी पुन्हा तेच तीन फोटो, तीच ओळ. मी निर्धास्त.

या वर्षी तो दिवस पंधरा दिवसांवर आला होता. फोनमध्ये जागा नाही म्हणून मी जुने फोटो काढून टाकत बसले होते, तेव्हा ते सहा फोटो एकापाठोपाठ एक समोर आले. बाहेरच्या खोलीचा पंखा फिरत होता. पाती दिसत नव्हती, नुसतं गोल धुरकट दिसत होतं. आधीच्या वर्षीच्या फोटोतही फिरत होता. मधल्या खोलीतलाही फिरत होता, दोन्ही वेळा. आधी मला राग आला तो विजेचा. वडील चालत्या पंख्यासाठी जेवणावरून उठायचे. रिकाम्या घरात पंखे कशाला हवेत, असं मी स्वतःशीच म्हटलं, आणि ते म्हणता म्हणताच माझ्या ध्यानात आलं की घर रिकामं नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं या माणसाने मला शेंडी लावली होती. मी फोन केला नाही. फोन केला असता तर तो "व्हय ताई" म्हणाला असता. दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली आणि कोणाला न कळवता अकराच्या सुमाराला गारखेड्यात उतरले.

नेमका पाण्याचा दिवस होता. आमच्या भागात नळ आठ दिवसांनी येतो आणि आला की गल्लीत दुसरं कोणतंही काम होत नाही. आमचं फाटक सताड उघडं होतं, अंगणातून पाइप आत गेलेला, ड्रम, कळशा, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवलेला. भाडेकरूची बायको पदर खोचून बादल्या उचलत होती. नवरा वेरूळच्या फेरीवर होता, म्हणून पाइप धरून उभे होते खुद्द आमचे भाऊ.

मला बघून त्यांच्या हातातला पाइप हलला आणि पायावर पाणी पडलं. "ताई, तुम्ही? फोन तरी करायचा."

"माझ्याच घरात यायला फोन करू?"

मी चपला काढून सरळ आत गेले. पोपटी खोलीत, पंख्याखाली, चार विटांवर उंच केलेली लोखंडी खाट होती. खाटेवर म्हातारी, एवढीशी. माझ्या हातात फोन होता. तिने तो बघितला आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"आली का फोटोवाली बाई? सूनबाई, मला मधल्या खोलीत न्या गं. बाईला फोटो काढायचा हाय."

बाहेर पाइप तसाच वाहत होता. म्हातारीला वाटलं असेल मी नवखी आहे, म्हणून ती मला समजावून सांगायला लागली. "आधी मला मधी नेतेत, मंग इथला फोटो काढतेत. मंग इथं आणतेत, अन् मधला काढतेत. सयपाकघरात म्या नाय जात, तिथं खाटच बसत नाय." आणि ती हसली. "दरसाली मला फिरवून आणतेत बघा."

मी आयुष्यात एवढी ओशाळले नव्हते आणि एवढी चिडलेही नव्हते. दोन्ही एकदम झालं की माणसाचा आवाज चढतो. मी भाऊंना अंगणात बोलावलं.

"दोन वर्षं तुम्ही मला फसवलंत."

"फसवलं नाय ताई. तुमचं मन राखलं."

"मन राखायला ठेवलं होतं का मी तुम्हाला? घर राखायला ठेवलं होतं."

"मंग घराला काय झालंय? बघा की." त्यांनी हात फिरवून दाखवलं. घराला खरंच काही झालं नव्हतं. फरशी पुसलेली, भिंतीवर एक डाग नाही, फाटकाला नवं तेल दिलेलं. त्याचाही मला राग आला. "घर अमानत हाय, हे मला मालूम हाय. पर आत माणूस बी हाय की. खाट नुसती सरकवली तरी ती कळवळती. टेम्पोत कशी घालू तिला?"

"मग तसं मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणल्या असत्या?"

उत्तर आलं होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. मला त्या खाटेवर म्हातारी दिसतच नव्हती. मला गुलमंडीच्या खोलीतली ती दुसरी बाई दिसत होती, जिला मी कधी बघितलंही नव्हतं. वडील ओट्यावर बसून चपला काढताना दिसत होते. मी म्हणाले, "पंधरा दिवस थांबायचं नाही, उद्याच घर रिकामं झालं पाहिजे. माझ्या डोळ्यांसमोर. एकच दिवस. परवा सकाळी करार करू आणि परत आत या."

"नाय," भाऊ म्हणाले.

सात वर्षांत पहिल्यांदा. हळूच म्हणाले, मान खाली घालून, पण म्हणाले.

"ठीक आहे. मग मी करून घेते."

दुपारी भाडेकरू आला. गाडीची किल्ली अजून त्याच्या हातातच होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं, मी त्याची तयारी करूनच बसले होते. त्याने फक्त विचारलं, "ताई, एकच दिवस ना?"

"एकच दिवस."

"मंग आईला वैजापूरला बहिणीकडं नेतो. इथं कुणाच्या ओट्यावर ठेवायची तिला?"

त्याची बायको दारातून पुढं आली. ती म्हणाली, "अन् पाण्याचं काय? आठ दिवसांचं भरलंय. ते बी सांडायचं का?"

या प्रश्नावर आम्ही, शहाणीसुरती माणसं, पाच मिनिटं वाद घातला. पाणी हे सामान आहे की नाही! मी म्हणाले, रिकामं म्हणजे रिकामं. भाऊ म्हणाले, शहरात आठ दिवसांनी पाणी येतं, ते गटारात ओतायचं असंल तर तुम्ही ओता, माझा हात लागणार नाय. शेवटी मीच म्हटलं, बरं, पाणी राहू द्या. आणि खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला वाटलं की मी मोठंच मन दाखवलं.

मी मावसबहिणीकडे उतरले. सकाळी आठला परत आले तर टेम्पो दारात होता आणि भाऊ भांड्यांची पोती बांधत होते. सामान त्यांच्याच घरी जाणार होतं, दुसरीकडे जागा नव्हती.

"तुम्ही तर काल नाही म्हणालात," मी म्हटलं.

"नाय म्हणलो. पर खाट कोण धरणार?"

खाटेला चार माणसं लागणार होती. भाडेकरू, भाऊ, शेजारचे एक निवृत्त मास्तर. सून गाडीत मागची सीट आडवी करून गादी अंथरत होती. चौथं कोणी नव्हतं. मग मीच पायाकडचा एक कोपरा धरला. लोखंड तळहातात रुतत होतं. उंबऱ्यावर खाट तिरकी करावी लागली, पुढं दोन पायऱ्या होत्या. भाऊ प्रत्येक पावलाला बजावत होते, "हळू, ताई. हळू. तुमची बाजू खाली जाऊ राहिली." म्हातारीने पदराचा बोळा दातांत धरला होता. ती ओरडली नाही. अंगणाच्या मधोमध आल्यावर तिने पदर तोंडातून काढला, वर उन्हाकडे बघितलं आणि मुलाला विचारलं, "आज लांबची खोली हाय व्हय रे?"

तो म्हणाला, "व्हय आई. आज जरा लांबची हाय."

गाडी गेली, टेम्पो गेला. मी तिन्ही खोल्या फिरून बघितल्या, पंखे बंद केले, दाराला माझं नवं कुलूप लावलं आणि तीनदा ओढून पाहिलं. वडील असते तर त्यांनीही तीनदाच ओढलं असतं. मला वाटलं होतं की आता छाती हलकी होईल, पण तसं काही झालं नाही. मावसबहिणीकडे जेवताना हाताला लोखंडाचा वास येत होता, म्हणून मी दोनदा उठून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळ्यांनी यायचं ठरलं होतं. मी पावणेदहालाच जाऊन पायरीवर बसले. पिशवीत नवा करार होता. रस्त्यात मी मनाशी ठरवून टाकलं होतं की यापुढं कुलूप बंद. म्हातारी आहे तोवर कोणी खाट हलवायची नाही. हे आपण सगळ्यांसमोर सांगायचं, भाऊंसमोर तर नक्कीच. भाऊ आले आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. दहा वाजले. साडेदहा झाले. ऊन पायरीवर आलं तसे आम्ही दोघंही भिंतीकडे सरकलो, पण एकमेकांकडे नाही.

अकरा वाजून गेल्यावर भाऊंचा फोन वाजला. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं आणि फोन माझ्याकडे दिला.

"ताई," भाडेकरू म्हणाला, "आम्ही काय येत नाय आता. रस्त्यात गचके लई बसले. रातभर तिला डोळा लागला नाय. इथले डॉक्टर म्हणले, आता हलवायचंच नाय."

"बरं मग, आठ दिवसांनी या. पंधरा दिवसांनी या. मी घर देत नाही कोणाला."

"नाय ताई. बहिणीनं खोली दिली एक. आई म्हणती, आता ही शेवटची खोली. पुन्ना नगं." मग त्याने पुढचं सांगितलं. "मी इथूनच गाडी काढीन. सामान भाऊ पाठवून देतील. तुमचं कुलूप राहू द्या."

मी म्हणाले, "अहो, पण मी ठरवलं होतं..." आणि थांबले. काय ठरवलं होतं ते आता सांगून त्याला त्याचा काय उपयोग होता? त्याने तुमची काही चूक नाही असंही म्हटलं नाही. शिवीही दिली नाही. नमस्कार करून फोन ठेवला.

भाऊंनी हात पुढं केला. मला वाटलं त्यांना फोन हवाय, पण त्यांना किल्लीही हवी होती. त्यांनी कुलूप काढलं आणि आत गेले. मी मागोमाग गेले. बाहेरच्या खोलीत खाटेखालच्या चार विटा तशाच होत्या. त्यांनी त्या एकेक उचलून अंगणात भिंतीशी नीट रचल्या, हात झटकले आणि दारात उभं राहून खोलीचा फोटो काढला. मग मधल्या खोलीचा. मग स्वयंपाकघराचा. तिथे काठोकाठ भरलेले ड्रम, कळशा, पातेली आणि तो कुकर, सगळ्यांवर झाकणं ठेवलेली. सुनेने निघता निघता ठेवली असणार, परत यायचं म्हणून. हा फोटो त्यांनी दोनदा काढला. पहिला हलला होता.

बाहेर येऊन त्यांनी कंबरेचा जुडगा सोडला, त्यातली आमच्या घराची किल्ली काढली आणि हिरव्या दोऱ्यासकट खिडकीच्या कठड्यावर ठेवली. मी म्हटलं, "भाऊ, असं करू नका." हे मी अगदी मनापासून म्हटलं. मला रडू येत होतं.

"पाणी आठ दिवसांचं हाय," ते म्हणाले. "वाया घालू नका. शेजाऱ्यांना सांगा, नेतील." मग फोन डोळ्यांजवळ धरून ते बोटाने काहीतरी टिपत राहिले.

माझ्या हातातला फोन वाजला. पुन्हा वाजला. पुन्हा. ते माझ्यापासून दोन पावलांवर उभे होते आणि मला फोटो पाठवत होते, दर वेळेसारखे, त्याच क्रमाने. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर. दोन्ही पंख्यांची पाती स्वच्छ दिसत होती, तीन आणि तीन. सगळ्यात शेवटी ती ओळ आली.

"ताई, घर रिकामं झालं."